रविवारी दहाला

“त्यापेक्षा रोज एक फोन कर. त्याला सेल लागत नाहीत,” आई म्हणाली होती.

ताई हसली. मीही हसले.

हे आमच्याच घरात घडलंय. पटलंच पाहिजे असा माझा हट्ट नाही.

माझी थोरली बहीण गोदामांसाठी बिनतारी सेन्सर बनवते. एका सेलवर वर्षानुवर्षं चालवायचे, हीच तिची हुशारी. आई एकटी राहायची. पडली-झडली तर कळावं म्हणून ताईने तिच्याकडे तीन लावले. बाथरूम, बोळ, दार. हालचाल टिपायची, ताईच्या फोनवर कळवायची.

पण सारखा बोलणारा सेन्सर महिन्यात सेल खातो. स्टुलावर चढून चढून ताई वैतागली. शेवटी गोदामाचाच नियम आईला लावला... टिपायचं रोज, कळवायचं आठवड्यातून एकदा. रविवारी सकाळी दहाला.

“एरवी झोपू देत बापडे,” ती म्हणाली.

त्या आठवड्यात ताई कामात बुडालेली. मी बाळात. फोन कोणीच केला नाही.

रविवारी दहाला सगळे निरोप एकदम आले.

सोमवार, नऊ चाळीस. बाथरूम. हालचाल.

मंगळवार. बाथरूम. हालचाल.

बुधवार, संध्याकाळी सव्वासहा. बाथरूम. हालचाल.

पुढे काही नाही...

ताई किल्ली घेऊन धावली. आई फरशीवर होती. कधीची, ते फोनने सांगितलंच होतं.

सेल मात्र भरलेले होते.

सगळं उरकल्यावर ताईने तिन्ही सेल काढले. घराला कुलूप घातलं.

पुढच्या रविवारी दहाला फोन वाजला...

बाथरूम. हालचाल.

त्यापुढच्या रविवारी... बोळ.

मग... दार.

“अगं, सेल माझ्या मुठीत आहेत!” ताई रडत होती.

“बिघाड असेल. तूच ना हुशार?” मी म्हटलं.

चौथा सेन्सर जादाचा. कधी चालूच केला नव्हता. माझ्याकडे, पाळण्याशेजारच्या खणात पडून होता.

गेल्या रविवारी...

सेन्सर चार. सोमवार. हालचाल. मंगळवार. हालचाल. थेट शनिवारपर्यंत.

आठवडाभर कोणीतरी पाळण्याजवळ होतं.

आणि आठवडाभर बाळ एकदाही रडलं नव्हतं. शहाणं झालं गं माझं, म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले होते.

सेन्सर मी फेकून दिला. आज बुधवार. बाळ कडेवरच आहे, खाली ठेवतच नाही. गप्प आहे. माझ्या खांद्यावरून मागे बघतंय...

मागे काय आहे, ते रविवारी कळेल.

तुमचं कोणी एकटं राहत असेल, तर हे वाचणं पुरे. आधी फोन लावा.

उचलला नाही, तर निघा.