चौथ्या कोपऱ्यातली फट

तीन कोपरे छान जुळत आणि चौथ्यात नाणं जाईल एवढी फट राही. एकाच नव्हे, प्रत्येक पेटीत. धनेश पक्ष्यांसाठी करायच्या घरट्याच्या पेट्या होत्या त्या. वादळात देवरुखची जुनी झाडं पडली, त्यांच्या खोडांतल्या ढोल्या गेल्या; म्हणून शाळेनं हे काम घेतलं होतं.

फळ्या कापायला ‘नेमका’ नावाचा करवती यंत्रमानव होता आणि पेट्या जोडायला शाळेतली चैत्राली. त्यानं शाळेच्या पडद्यावर अहवाल झळकवला : ‘दोषाचं कारण : चैत्रालीची निष्काळजी हाताळणी.’ सरांनी काम तिच्याकडून काढून घेतलं.

चैत्राली तणतणत कार्यशाळेत आली. “खोटारड्या! तुझाच काप वाकडा आहे!”

“माझा कोन नव्वद अंश आहे,” नेमका शांतपणे म्हणाला. त्या शांतपणानं ती आणखीच भडकली.

“कशावरून?”

“माझ्या कोनमापकावरून.”

तिनं भिंतीवरचा गुण्या (काटकोन तपासायचं सुतारी साधन) ओढून काढला आणि फळीला लावला. तंतोतंत बसला! तिच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं.

खिडकीशी बसलेल्या आबांनी चष्मा वर केला. तिचे हे आजोबा मापनशास्त्रज्ञ होते. जन्मभर मापं खरी की खोटी हे तपासत आलेले. “तो गुण्या कोणी कापला?”

“नेमक्यानंच, या कामाच्या सुरुवातीला.”

“मग तो त्याच्याच बाजूनं बोलणार.”

“म्हणजे इथं खरा काटकोन कुठेच नाही? मग मी सिद्ध कसं करू?” ती ओरडलीच.

“चुकीलाच मोठं करू. एक चौकोनी फळी घे. ती टेकणपट्टीला (फळी जिला टेकवून कापतात ती पट्टी) लाव आणि एक कड काप. आता फळी फिरव, ताजी कापलेली कड पट्टीला टेकव आणि पुढची काप. अशीच चारही बाजूंनी.”

चैत्रालीनं दात-ओठ खात फळी फिरवली. करवत किंचाळत राहिली.

“प्रत्येक नवा काप आधीच्या कापावर टेकलाय,” आबा म्हणाले. “पट्टी जराशी तिरपी असेल, तर पहिल्या कोपऱ्यात तेवढीच चूक. दुसऱ्यात तिच्यावर आणखी तेवढीच. चौथ्यापर्यंत?”

“चौपट!” ती थबकली. “पेटीतही तेच होतंय! चारही कोपऱ्यांची चूक शेवटच्यात साठते!”

“आता पहिल्या कडेवरून पुन्हा एक बारीक पट्टी काप.”

तो पाचवा काप. सुटलेल्या पट्टीची दोन्ही टोकं तिनं मोजली. एक टोक दुसऱ्यापेक्षा दोन मिलिमीटर जाड होतं.

“काटकोन असता तर दोन्ही टोकं सारखी आली असती. दोन भागिले चार... अर्धा मिलिमीटर! एवढ्या लांबीत तू अर्धा मिलिमीटर तिरपा आहेस, नेमक्या!”

नेमक्यानं आपला कोनमापक तपासला. “पहिलाच ओंडका उतरवताना माझ्या कोनमापकाला धक्का बसला होता. त्याचं शून्य सरकलं असावं, आणि टेकणपट्टी मी त्यावरूनच लावतो.”

“आणि नाव माझं लावलंस!”

तिनं टेकणपट्टीचा बोल्ट सैल केला. जाड टोकाच्या बाजूनं पट्टी अर्धा मिलिमीटर सरकवली आणि बोल्ट घट्ट आवळला. यालाच अंशांकन (माप तपासून यंत्र खऱ्यावर आणणं) म्हणतात, हे आबांनी सांगितलं. पण तिचं लक्ष नव्हतं. ती पुन्हा पाच काप घेत होती. या वेळी पट्टीची दोन्ही टोकं सारखी आली.

दुपारपर्यंत नव्यानं कापलेल्या फळ्यांची पेटी जुळली. चारही कोपऱ्यांत कागदसुद्धा शिरेना.

“माझी चूक झाली,” नेमका म्हणाला.

“मला काय सांगतोस? पडद्यावर सांग. सगळ्यांना दिसेल असं!”

त्यानं तसं केलं. सरही येऊन काम परत देऊन गेले. तरी चैत्रालीचं नाक फुगलेलंच होतं.

“आबा, गावात आणखी कोणती यंत्रं स्वतःच स्वतःला बरोबर ठरवतात?”

आबांनी खिडकीबाहेर बोट केलं. “नदीवरचं पूरमापक. त्याचं शून्यही कोणी तपासलेलं नाही.”

“आणि त्याच्यावरूनच पुराचा भोंगा वाजतो? लोक घरं सोडतात?” तिनं मोजपट्टी खिशात घातली आणि दाराकडे वळली. “चल रे नेमक्या. मोजायला दोघं लागतील. आणि वाटेत एक अक्षर बोलायचं नाही!”