दरीपलीकडची बाई

थंड हवेचं ठिकाण म्हणून आम्हांला ज्या डोंगरावर नेलं, तिथे दुपारी पायातली चप्पल काढायची सोय नव्हती. फुलसावंगीच्या वरचा तो डोंगर. माथ्यावर जुना सरकारी बंगला, भोवती मोहाची झाडं, मागे खोल दरी. १९६२च्या उन्हाळ्यात घनश्याम सरांनी तिथे जर्मन भाषेचं शिबिर भरवलं. आम्ही पाच मुली, सगळ्या नर्सिंग झालेल्या. जर्मनीतल्या इस्पितळांना परिचारिका हव्या होत्या, आणि मेअखेरीस तिथली एक डॉक्टरीण आमची तोंडी परीक्षा घ्यायला येणार होती.

सरांचं तारुण्य तिकडे गेलेलं. त्यांचा नियम कडक: बंगल्याभोवती चुन्यानं रंगवलेले दगड होते, त्यांच्या आत मराठी बंद. भूक लागली तरी जर्मन, विंचू निघाला तरी जर्मन. विंचू खरंच निघाला तेव्हा मात्र सरच खुर्चीवर चढून "मारा, मारा त्याले!" असं ओरडले. तो एकच दिवस आम्ही पोटभर हसलो.

मी आर्णीची. पुस्तकातलं सगळं कळायचं, पण बोलायला गेलं की शब्दच निघायचा नाही. बाबांनी निघताना सांगितलं होतं, "कोकिळा, पास झाली तं जाय. नाई झाली तं जेठात लगन." मुलगा बघून ठेवलेला होता. वाईट नव्हता बिचारा, पण मला जायचं होतं. आणि जायचं असूनही आईच्या आठवणीनं रोज रडू यायचं. माणसाचं मन असंच गाढव असतं.

एका सकाळी मी दगडांच्या बाहेर, दरीच्या काठावर गेले. तिथे मराठीला बंदी नव्हती. छाती भरून ओरडले, "मले घरी जाचं हाय!"

त्या दरीत आवाज घुमून परत यायचा, ते आम्हांला ठाऊक होतं. त्या दिवशी तो आला नाही. कुठेतरी टिण् टिण् वाजलं, पितळेच्या कपावर चमचा आपटावा तसं. मग पलीकडच्या कड्यावरून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. सावकाश, स्वच्छ जर्मनमध्ये.

"मलाही."

मी मागे पाहिलं. सर व्हरांड्यात गालाला साबण लावून बसले होते. पलीकडे ना पायवाट, ना वस्ती, नुसता काळा खडक. मी तडक बंगल्याकडे पळाले.

तरी दुसऱ्या दिवशी मी गेले. मग रोजच जायला लागले. ती विचारायची, तुझ्या घरी काय रांधतात? मी मराठीत सांगायचे. ती तोच प्रश्न पुन्हा विचारायची, मी जर्मनमध्ये सांगेपर्यंत. तिनं तिचंही सांगितलं. घरामागे सफरचंदाचं झाड, निळी चूल. लढाई संपल्यावर त्यांना गाव सोडायला लावलं, हातगाडीवर मावेल तेवढंच घेऊन. आता त्या घरात दुसरे लोक राहतात. मग म्हणायची, तुझं ते पहिलं वाक्य शिकव. तिला ते काही केल्या जमायचं नाही आणि मला हसू यायचं. भीती कधी गेली ते कळलंच नाही.

खालच्या तांड्यावरची हंसाबाई आमचा स्वयंपाक करायची. एका सकाळी ती म्हशी घेऊन काठावर आली.

"तुमाले आयकू येते?" मी विचारलं.

"मले नाई येत. पन हे पाह्य."

म्हशींनी रवंथ थांबवलं होतं. सगळ्यांचे कान पलीकडच्या कड्याकडे होते.

"काय म्हणून राह्यली थे?"

"घरी जाचं म्हणते."

हंसाबाईनं पलीकडे नजर टाकली. "डरू नको पोरी. वंगाळ असती तं तुले तिकडं बोलावलं असतं." तिनं फडक्यातली ज्वारीची भाकर मोडली आणि अर्धी खडकावर ठेवली. "आमचे लोक बी लय फिरले, बैलाच्या पाठीवर घर घेऊन. भुकी असंन थे."

दुसऱ्या दिवशी भाकर नव्हती. माकडांनी नेली असेल असं मी धरून चालले.

परीक्षेत मी बोलले. थांबेचना. डॉक्टरीण ऐकता ऐकता पेन ठेवून म्हणाली, "ही पूर्वेकडच्या डोंगराळ गावांतली बोली आहे. लढाईनंतर ती गावं आमच्याकडे राहिली नाहीत. तू कुणाकडून शिकलीस?"

सर माझ्याकडे बघतच राहिले. "इथेच, डोंगरावर," मी म्हणाले.

मी पास झाले! ते सांगायला दरीकडे धावले, पण माझाच आवाज घुमून परत आला. त्या वेळी मी फार रडले.

हिवाळ्यात मी जर्मनीत एका नदीकाठच्या इस्पितळात रुजू झाले. म्हाताऱ्यांच्या वॉर्डात खिडकीशी एक निर्वासित बाई होती. मोठी नर्स म्हणाली, मे महिन्यापासून ही एक अक्षर बोलत नाही. हल्ली खातही नाही. आता थोडे दिवस.

मी सूप घेऊन बसले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. उशाशी पितळेचा कप होता. तिचा हात हलला आणि तिनं चमचा त्यावर आपटला.

टिण् टिण्.

मी वाटी बाजूला ठेवली.

"तुमच्या घरी काय रांधायचे?" मी जर्मनमध्ये विचारलं.

तिनं मान वळवली. माझ्या सावळ्या चेहऱ्याचं तिला जराही नवल वाटलं नाही. ओठ हलले. मग ती म्हणाली, न अडखळता, आर्णीच्या हेलात:

"मले घरी जाचं हाय."

"मलाही," मी जर्मनमध्ये म्हणाले.

तिनं तोंड उघडलं. सगळं सूप संपवलं आणि आणखी मागितलं. मी हसत होते, रडत होते.

तिला टेकून बसवावं म्हणून मी उशी उचलली. खाली रुमालात काहीतरी बांधलेलं होतं. मी गाठ सोडली.

ज्वारीची अर्धी भाकर. वाळून खडक झालेली, वर हंसाबाईच्या बोटांचे ठसे.