दूध, बांगडा आणि दोन राखणे

जुई आणि शेवंती या जुळ्या बहिणी. नुसत्या जुळ्या नव्हेत हं, अगदी एकसारख्या! नाक तेच, गालावरची खळी तीच, आणि सतराच्या पाढ्यात अडखळायची जागाही तीच. दहा वर्षं त्यांची आईसुद्धा हाक मारताना चुकायची. मग दिवाळीनंतर जुईच्या बोटांवर पांढरे ठिपके आले. पुढे ते मनगटावर पसरले, ओठांच्या कडेला आले. डॉक्टरांनी सांगितलं, हे कोड आहे. त्यानंतर हाक मारताना कुणी चुकेना. शेवंतीच्या अंगावर तिळाएवढाही डाग नव्हता.

दोघींचं सगळं सारखं, तर मग हे एकीलाच का? घरात सगळे हाच प्रश्न विचारत होते. उत्तर फक्त शेवंतीला ठाऊक होतं. निदान तिला तसं वाटत होतं, आणि त्या वाटण्याने बिचारी आतून पार खचली होती.

झालं होतं असं. दिवाळीच्या सुट्टीत दोघी देवगडजवळ नानांकडे, म्हणजे आईच्या वडिलांकडे गेल्या होत्या. जेवणात तळलेले बांगडे होते. शेवंतीने पैज लावली, "हिंमत असेल तर यावर पेलाभर दूध पिऊन दाखव!" जुई पेला घेऊन मागच्या पडवीत गेली आणि रिकामा पेला नाचवत परत आली. वीस दिवसांनी पहिला ठिपका दिसला. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "माशांवर दूध प्यायली असणार. त्यानेच कोड फुटतं."

झालं! शेवंतीने ते ऐकलं. दोघींत एवढा एकच फरक होता, आणि तो तिने स्वतः घडवून आणला होता. त्या दिवसापासून तिला जुईकडे बघवेना. ती वेगळ्या पलंगावर झोपू लागली, शाळेत वेगळ्या बाकावर बसू लागली. शेवंती जवळ आली की जुई बाह्या ओढून हात झाकून घ्यायची.

मे महिन्यात दोघी पुन्हा नानांकडे आल्या. नाना जनुकशास्त्रज्ञ. जनुकं (शरीर कसं घडवायचं आणि कसं चालवायचं याच्या सूचना, ज्या प्रत्येक पेशीत असतात) वाचण्यात त्यांची हयात गेली होती. आता ते आंब्याची बाग सांभाळत आणि घराच्या माडीवरच्या छोट्या प्रयोगशाळेत काम करत. बागेत त्यांनी दोन यंत्रमानव ठेवले होते, थोरला राखण्या आणि धाकटा राखण्या. वानरं आली की पाण्याचा फवारा मारून हाकलायचं, हे त्यांचं काम. एकाच कारखान्यातले, आत भरलेल्या सूचनाही शब्दन् शब्द सारख्या.

त्या सकाळी बागेतून आरोळी आली, "अरे मेल्या, माका वांदर समाजलंस काय?"

बागेची देखभाल करणारे वासूकाका नखशिखांत भिजले होते. डोक्यावर तपकिरी गोणपाट घेऊन, ओणवे होऊन ते पडलेले आंबे वेचत होते, आणि थोरल्याने त्यांनाच झोडपून काढलं होतं. दोन्ही बहिणी धावत गेल्या. नाना थोरल्याच्या पाठीचं झाकण उघडून बसले होते.

"धाकट्याने नाही भिजवलं?" जुईने विचारलं.

"नाय गो," वासूकाका सदरा पिळत म्हणाले. "आताच मी ह्याच गोणपाटासकट त्याच्या पुढ्यातनं इलंय."

"सूचना सारख्या, तर मग हाच का चुकला?"

नानांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. हा प्रश्न थोरल्यापुरता नाही, हे त्यांनी ओळखलं. "बस इथे. शेवंते, तूही बस," ते म्हणाले. "दोघांच्या सूचनांमध्ये एक कच्चा दुवा आहे. तपकिरी आणि ओणवं दिसलं की वानर समजायचं. पण हा कच्चा दुवा असला म्हणजे चूक होणारच असं नाही. वानरं खाडीकडून येतात आणि तिथे थोरला उभा असतो. कालच वीस वानरांशी झुंजून तो बिथरला होता, आणि ते त्याच्या लक्षात राहिलंय. त्यात समोर गोणपाट आलं. धाकट्याच्या बाजूला वानर फिरकतच नाही, तो शांत होता."

"आणि माझ्या अंगात?" जुईने हळूच विचारलं.

"तुझ्या अंगातही राखणे आहेत, रक्षक पेशी. बाहेरून आलेल्या जंतूंना त्या मारतात. त्वचेत रंगपेशी असतात, त्या मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) बनवतात. तुझ्या काही रक्षक पेशींनी या रंगपेशींनाच शत्रू मानलं. याला स्वयंप्रतिकार (शरीराने स्वतःवरच केलेला हल्ला) म्हणतात. जिथे रंगपेशी गेल्या, तिथे डाग पांढरा."

"म्हणजे माझं जनुक खराब आहे?"

"मुळीच नाही! शिवाय ते एक जनुक नव्हेच. पन्नासाहून जास्त ठिकाणचे बारीक फरक शास्त्रज्ञांना सापडलेत. एकेक फरक धोका इवलासा वाढवतो. त्यातले बरेचसे शेवंतीतही आहेत. पण जनुकं म्हणजे काही निकाल नव्हे. वरून काहीतरी घडावं लागतं. कातडीला इजा, कडक ऊन, काही रसायनं, कधी आणखी काही. तुझ्या बाबतीत नेमकं काय घडलं, ते मला ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे," शेवंती एकदम म्हणाली. "मीच केलं ते! मी तिला बांगड्यावर दूध प्यायला लावलं!" आणि सहा महिने दाबून ठेवलेलं सगळं तिने रडत रडत सांगून टाकलं.

नाना हसले नाहीत. त्यांनी तिला जवळ घेतलं. "माशांवर दूध प्यायल्याने कोड होतं, असं कुठल्याही तपासात दिसलेलं नाही, बाळ. दोघींत फरक काय, हे तू शोधलंस, ते बरोबरच केलंस. पण जो फरक तुला दिसला, तोच कारण, असं धरून बसलीस. न दिसणारे फरक हजार असतात."

"पण तो फरकसुद्धा नव्हताच!" जुई उठून उभी राहिली. "अगं शेवंती, ते दूध मी प्यायलेच नव्हते. पडवीत मनीला घातलं होतं."

वासूकाकांच्या पायाशी ती मनी, नानांची काळीकुट्ट मांजर, पंजा चाटत बसली होती.

"ही रोज बांगड्याची डोकी खाते, वर दूध ढोसते," जुई म्हणाली. "आहे का हिच्यावर एक तरी डाग?"

शेवंतीने मांजरीकडे पाहिलं, मग जुईकडे. जुई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. "म्हणून तू माझ्याकडे बघत नव्हतीस? मला वाटलं, तुला माझी किळस येते."

शेवंतीने जुईची ओढलेली बाही वर सारली आणि तो पांढरा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून मनसोक्त रडल्या. वासूकाका पाठ फिरवून उगाचच सदरा पिळत राहिले.

नंतर नाना दोघींना माडीवर घेऊन गेले. तिथे न टोचता कातडीच्या आत बघणारं भिंग होतं. त्याच्याखाली दोघींची मनगटं शेजारी शेजारी ठेवली, आणि समोरच्या भिंतीवर चित्र उमटलं. शेवंतीच्या बाजूला फांद्या फुटलेल्या तपकिरी रंगपेशी रांगेने बसल्या होत्या. जुईच्या बाजूला सगळं ओसाड दिसत होतं.

"थांब, नीट बघ," नाना म्हणाले. "केसाच्या मुळाशी."

तिथे खोलवर तीन-चार तपकिरी ठिपके होते.

"हल्ल्यातून वाचून लपून राहिलेल्या आहेत त्या. राखणे शांत झाले की यातूनच रंग पुन्हा वर येऊ शकतो. आजची औषधं राखण्यांना शांत करतात. पण एकदा झालेली चूक ते लक्षात ठेवतात, म्हणून डाग परत येतात. राखण्याला न मारता त्याची तेवढी चुकीची आठवण पुसायची, यावरच मी काम करतोय. आमच्या हातून नाही झालं, तर तुमच्या हातून होईल."

"नाना, मलाही होईल का?" शेवंतीने विचारलं.

"सारख्या जुळ्यांत एकीला असलं, तर साधारण चारांत एका जोडीत दुसरीलाही होतं. तुझं काय होईल, ते मी सांगू शकत नाही."

जुईचा हात शेवंतीने सोडला नव्हता.

"झालं तर होऊ दे," ती म्हणाली. "आई परत हाक मारताना चुकायला लागेल."

सहा महिन्यांत पहिल्यांदा जुई खळखळून हसली. तेवढ्यात बागेतून पुन्हा वासूकाकांची आरोळी आली आणि पाठोपाठ पाण्याचा फवारा ऐकू आला. नाना हत्यारांची पेटी उचलून जिन्याकडे वळले. "चला गं, आधी या थोरल्याची चुकीची आठवण पुसू या."

दोघी हात धरूनच त्यांच्या मागे जिना उतरल्या.