न उघडलेली अकरा पत्रं

"माझ्या मुलीची अकरा पत्रं दडवली गेलीत," म्हातारे पुस्तकबांधणीवाले म्हणाले, "आणि हे काम माझ्या सुनेचं आहे."

तपासनीस बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली. बाईंचा धाकटा दीर टिपणं घेऊ लागला.

सात वर्षांपूर्वी मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून म्हाताऱ्यांनी मुलीशी बोलणं तोडलं होतं. फोनही करायचा नाही, असं बजावलं होतं. काल तिच्या शेजारणीचा फोन आला. मुलगी दवाखान्यात होती; सोमवारी शस्त्रक्रिया. "वर्षभरात तिनं तुम्हाला अकरा ईमेल केल्या. एकीलाही उत्तर नाही?"

शोधल्यावर सगळ्या 'दुकान' नावाच्या फोल्डरमध्ये सापडल्या. वाचल्याची खूण झालेल्या. दुकान तर दोन वर्षांपूर्वीच बंद झालेलं.

"वाचल्याची खूण आहे म्हणजे कुणीतरी वाचल्याच की, वहिनी!" दीर कुजबुजला.

म्हाताऱ्यांच्या घरी सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. डोळे लाल.

"ईमेल आपोआप त्या फोल्डरमध्ये टाकायचा नियम मीच लावला," ती म्हणाली. "दुकान बंद झालं तरी डिंकवाल्यांच्या, पुठ्ठेवाल्यांच्या जाहिराती थांबेनात. बाबांचं डोकं उठायचं. म्हटलं, न उघडताच वाचलेल्यांत जमा होऊन बाजूला पडू देत. पण वन्संचं पत्र माझ्याही नजरेस पडलं नाही."

मुलगा खाली बघत म्हणाला, "ताईनं मला कधी लिहिलं नाही. आणि मीही भित्रा. बाबांच्या शब्दाबाहेर गेलो नाही."

बाईंनी संगणकावर तो नियम उघडून वाचला. मग त्या म्हाताऱ्यांकडे वळल्या. "मुलीला तुम्ही कोणता ईमेल पत्ता दिला होता?"

"ईमेल येऊन पडतात ते खोकं एकच आहे. पण घरच्यांना देतो त्या पत्त्यात अधिक चिन्हापुढे 'घर' लिहिलंय, गिऱ्हाइकांच्या पत्त्यात 'दुकान'."

"मी मुलीचं विचारलं."

म्हातारे खिडकीबाहेर पाहू लागले.

बाईंनी कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं. पुठ्ठ्याच्या आत दुकानाच्या नाव-पत्त्याची छापील चिठ्ठी डकवलेली होती. "तुम्ही बांधलेलं असं एखादं पुस्तक तिच्याकडे आहे?"

"शब्दकोश. कॉलेजात असताना बांधून दिला होता. जाताना तेवढाच घेऊन गेली."

बाईंनी सगळ्यांना बसवलं.

"चोर कुणीच नाही. पत्रं दडवायची असती तर नियम मुलीच्या नावावर लावला असता. पत्र पाठवणारा कोण ते हा नियम बघतच नाही. पत्त्यात 'दुकान' दिसलं की वाचल्याची खूण करतो आणि बाजूला टाकतो. तो लागला दोन वर्षांपूर्वी. मुलगी लिहू लागली वर्षभरापूर्वी. म्हणजे सूनबाईंनी जाहिरातींसाठी लावलेल्या नियमात तिची पत्रं आपोआप अडकली."

"पण ताईंनी दुकानाच्या पत्त्यावर का लिहावं?" दिरानं विचारलं.

"कारण तिच्याकडे दुसरा पत्ताच नव्हता. हा तिनं शब्दकोशातल्या चिठ्ठीवरून घेतला." बाईंचा आवाज खाली आला. "घरचा पत्ता तुम्ही तिला दिलाच नाहीत, आजोबा."

म्हाताऱ्यांनी अकरावं पत्र उघडलं. ओठ हलवत वाचलं. मग सुनेसमोर त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"पोरी, मी तुला चोर ठरवलं गं."

तिनं ते हात धरून खाली घेतले. "ते राहू द्या, बाबा. आधी चपला घाला. गाडी मी काढते."