मेश्रामांच्या घरचा बगळा

"हा माझा बगळा नाही," अंजना मेश्राम ठामपणे म्हणाल्या.

विवेक पेंडसेने चष्मा पुसला आणि भिंतीकडे पाहिलं. कार कंपनीतून रिटायर झाल्यापासून तो उपासना खोब्रागडेला तिच्या तपासांवर ड्राइव्ह करत न्यायचा. लायसन्स असलेली डिटेक्टिव्ह ती. त्याच्या वाट्याला स्टिअरिंग आणि शंका.

मिशिगनमधल्या नोव्हायच्या त्या घरात, काचेच्या फ्रेममध्ये, लोकर आणि रेशमाच्या धाग्यांनी विणलेलं जुनं चित्र होतं. फ्लेमिश टॅपेस्ट्री, साडेतीनशे वर्षांपूर्वीची. दाट झाडी आणि मधोमध एक बगळा.

"तीस वर्षांपूर्वी कॉन्फरन्सला गेले होते, तेव्हा ब्रसेल्सला घेतली," अंजनाकाकू सांगू लागल्या. त्या निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. "माझा बगळा दाराकडे बघायचा, हा खिडकीकडे बघतोय. माझी पानं निळसर होती, ही हिरवीगार आहेत. आणि ही बघ, जागोजागी धाग्यांची टोकं बाहेर आलीत. कुणीतरी कच्ची नक्कल लटकवली आहे."

"ही बाहेर कधी गेली होती?" उपासनाने विचारलं.

"मागच्या महिन्यात मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुलीकडे अल्फारेटाला होते. तेव्हा ॲन आर्बरची रत्ना साफ करायला घेऊन गेली. ती स्वतः विणते. मी परत यायच्या आधी तिने आणून दिली."

मग त्यांचा आवाज खाली आला. "घरातले म्हणतात, मीच चुकतेय. माझ्या आईला सत्तरीत विसरायचा आजार जडला. मी एकाहत्तरची आहे. उपासना, चोरी झाली असेल तर झाली. पण मला एवढं सांग, चोर आलाय की माझंच डोकं कामातून चाललंय?"

"मावशी, प्लीज!" त्यांची भाची अनया मध्येच म्हणाली. ती इंजिनिअरिंग शिकत होती आणि त्यांच्याकडेच राहायची. "डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, कलर्स वेगळे दिसणारच. अँड हे बघा प्रूफ."

फोनवर दिवाळीतला, टॅपेस्ट्री साफ करायला जाण्याआधीचा सेल्फी होता. अनया, तिच्या बाजूला अंजनाकाकूंचे यजमान दादारावकाका, आणि मागे बगळा, तोंड खिडकीकडे. दिव्यांच्या पिवळ्या उजेडात रंग कळत नव्हते, पण तोंड स्पष्ट होतं.

उपासनाने फोटो मोठा करून पाहिला. "काकांचं घड्याळ छान आहे," एवढंच ती म्हणाली. विवेकने डोकावलं. काकांच्या उजव्या मनगटावर चांदीच्या पट्ट्याचं घड्याळ होतं.

तेवढ्यात दादाराव स्वतःच चहाचा ट्रे घेऊन आले. तेच घड्याळ डाव्या मनगटावर चमकत होतं.

"काका, रत्नाने हे कधी आणून दिलं?" उपासनाने त्यांच्या पाठीमागून विचारलं. काका कप मांडत राहिले. तिने समोर येऊन पुन्हा विचारलं.

"हो, हो," काका हसून म्हणाले.

"किती वाजले होते?"

"हो ना! बिस्किट घे."

गाडीत बसताच विवेक म्हणाला, "काका काहीतरी लपवतायत."

"लपवतायत खरं," उपासना म्हणाली.

रत्नाच्या वर्कशॉपमध्ये आडवा माग होता. ताणलेल्या धाग्यांखाली चित्राचा कागद होता आणि त्यात एक ससा डावीकडे पळत होता. त्याच चित्रावरून विणलेला एक तयार तुकडा भिंतीवर टांगला होता.

"भिंतीवरचा ससा उजवीकडे पळतोय की!" विवेक म्हणाला.

"मागावर उलटा असतो, काका. उतरवला की सुलटा होतो," रत्ना म्हणाली. पण हसली नाही. "अंजनाकाकूंनी फोनवर मला चोर म्हटलं आणि कट केला. मी त्यांचीच टॅपेस्ट्री परत दिली आहे. जुनं अस्तर काढलं, काय केलं, का केलं, सगळं दादारावकाकांना दारात सांगितलं. शेजाऱ्यांचा बर्फ हटवायचा स्नो-ब्लोअर धडधडत होता, तरी त्यांनी प्रत्येक गोष्टीला हो म्हटलं. त्यांनाच विचारा."

"उद्या चारला नोव्हायला ये," उपासना म्हणाली. "स्क्रूड्रायव्हर घेऊन."

दुसऱ्या दिवशी सगळे बैठकीत जमले. रत्ना आणि अंजनाकाकू एकमेकींकडे बघत नव्हत्या.

"मोतीबिंदू काढला की निळा रंग उलट जास्त उठून दिसतो," उपासनाने सुरुवात केली. "काकूंचा निळा तर नाहीसाच झाला. म्हणजे दोष डोळ्यांचा नाही. आता अनयाचा फोटो. काका घड्याळ डाव्या हातात घालतात, फोटोत ते उजव्या हातात आहे. अनया, तुझा फोन सेल्फी आरशासारखा ठेवतो. फोटोतला बगळा उलटा आहे. दिवाळीत तो दाराकडेच बघत होता. काकूंना सगळं बरोबर आठवतंय."

अंजनाकाकूंनी सोफ्याचा हात घट्ट धरला.

"मग चोरी झाली!" विवेक म्हणाला.

"नाही. उलटं तोंड, ताजे रंग, धाग्यांची टोकं. या तिन्ही गोष्टी एकत्र कुठे सापडतात, विवेककाका? टॅपेस्ट्रीच्या पाठीवर. विणणारा पाठीकडूनच विणतो, टोकं तिथेच सोडतो. रत्ना, उघड."

चार स्क्रू निघाले. रत्नाने टॅपेस्ट्री अलगद उलटवली. निळसर पानांतून बगळा दाराकडे पाहू लागला.

"त्या काळी निळ्यावर पिवळा चढवून हिरवा करायचे," रत्ना हळूच म्हणाली. "उजेडाने पिवळा उडतो. पाठ अस्तराखाली होती, म्हणून तिचा हिरवा टिकला. काकू, तुम्हीच एकदा विचारलं होतं, ही नवी असताना कशी दिसत असेल. म्हणून काकांना म्हटलं, काही दिवस पाठ दिसू दे, नको वाटलं तर परत फिरवू."

"आणि काका हो म्हणाले," उपासना म्हणाली, "कारण त्यांना एक शब्दही ऐकू आला नव्हता. काका, ऐकू येत नाही, हेच लपवत होतात ना?"

ती समोर उभी राहून, सावकाश बोलली होती. दादारावांनी मान खाली घातली. "दोन वर्षं झाली. वाटलं, चालून जाईल."

"रत्ना, चुकलं माझं," अंजनाकाकू म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळून जरा मोठ्याने म्हणाल्या, "अहो, मागच्या रविवारी पोळ्या लाटताना मी तुम्हाला म्हटलं, मला वाटतं मी आईसारखी विसरायला लागलेय. तुम्ही म्हणालात, हो, हो."

दादारावांचा चेहरा उतरला. "नळ चालू होता, अंजना. मला वाटलं, भाजीबद्दल काहीतरी म्हणालीस."

"आठ दिवस मी समजत होते, तुम्हालाही तसंच वाटतंय."

दादारावांनी खुर्ची ओढली आणि बायकोच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसले. "आता सांग. सगळं सांग."

बाकीचे गुपचूप स्वयंपाकघरात गेले. अनयाने न सांगता कांदे चिरायला घेतले, रत्नाने भात टाकला. बाहेरून आधी अंजनाकाकूंचा चढा आवाज येत राहिला, मग दोघांचं हसू. शब्द विवेकला कळले नाहीत आणि कळावेत असं वाटलंही नाही.

पंधरा मिनिटांनी काकू आत आल्या. डोळे ओले होते, चेहरा निवांत. "मंगळवारची अपॉइंटमेंट घेतली, ह्यांच्या कानांची. आणि सगळ्यांनी जेवून जायचं!"

"जायचं?" बाहेरून दादाराव ओरडले. "जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही!"