शेवळांची जागा

करवंदीच्या जाळीत कुणीतरी जोरात शिंकलं. ठकूनं खुरपं उगारलं. "कोन हाय तिथं? मानूस का डुक्कर?"

"मानूस!" म्हणत गेनू बाहेर आला... पावसानं निथळत, केसांत काटेरी फांदी अडकलेली.

भोरला राजाचा अंमल होता तेव्हाची ही गोष्ट. दोघंही महादेव कोळ्यांची पोरं, शेजारशेजारच्या वाड्यांवरची. विंझरच्या बाजारात रानभाज्या विकायला दोघं लगतच बसत. गेनूच्या पाटीत टाकळा आणि कुर्डू; ठकूच्या पाटीत मात्र शेवळं. पावसाळ्याच्या तोंडाशी जेमतेम पंधरा दिवस उगवणारे हे कोंब हातोहात खपत. ठकूच्या घरचं मीठ-कापड त्यांवरच चालायचं, म्हणून शेवळांची जागा घरच्यांखेरीज कुणाला दाखवायची नाही, असा तिच्या आईचा दंडक होता.

"माज्या मागं का येतोस रं?"

"मी? मी तर... वासरू हुडकतोय."

"काल बी वासरूच?"

"काल गाय व्हती."

ठकूनं हसू पदराआड दडवलं. गेनू तिला मनापासून आवडायचा. पण मेला आपल्या मागं येतो, की शेवळांच्या? शेवळांच्या असेल तर... नुसत्या विचारानंच तिचा जीव कासावीस झाला. तिथं तो आधी कुणाकडं बघतो, त्यावरून एकदाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून ती त्याला थेट जागेवरच घेऊन गेली.

ओल्या पाचोळ्यातून जांभळट शेवळं टरारून वर आली होती. गेनू तिच्याकडे बघत सरळ त्यांच्यावरच उभा राहिला.

"ठकू, येक सांगायचं व्हतं —" एक पाऊल पुढं. चार शेवळं मोडली.

"सांग की लवकर!"

"आज... पाऊस लई हाय, न्हाई?" एक पाऊल मागं. आणखी पाच.

"अरं, येका जागी हुबा ऱ्हाऊन बोल!"

"तू मला लई आवडतीस," गेनू डोळे मिटून म्हणाला. "आईला धाडू का तुज्या घरी?"

"आदी पायाखाली बघ."

त्यानं पाहिलं. "अगं आई गं! शेवळं!" आणि घाबरून मारलेल्या उडीत उरलीसुरलीही गेली.

येत्या बाजारासाठीची सगळी शेवळं चिखलात गेली होती, घरी आई झोडपणार होती, आणि ठकूला हसू आवरत नव्हतं. एवढी सुखी ती उभ्या जन्मात झाली नव्हती.

"उद्याच धाड आईला," ती म्हणाली. "आता हलू नगंस. हात दे."

तिचा हात धरून गेनू एकेक पाऊल जपून टाकत बाहेर आला. मग पार पायवाटेपर्यंत त्यानं तो सोडला नाही, आणि तिनंही सोडवून घेतला नाही.