न भाजलेला राब

एप्रिलअखेरच्या मंगळवारी सकाळी साडेसातला हौशीरामआबांच्या खाचरात राब पेटला आणि वाऱ्याने सगळा धूर मुक्ताबाईंच्या घरात घातला.

एरवी भाजे गावात याची कोणी दखलही घेतली नसती. भाताची रोपं जिथे वाढवायची ती जागा, म्हणजे राब, उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण पसरून भाजून काढायची, ही मावळातली जुनी रीत. तण मरतं, रोप जोमाने येतं. पण मुक्ताबाईंची भाची अनिता घरात होती, आणि अनिताची दोन्ही फुप्फुसं दुसऱ्या कुणाची होती. तिची स्वतःची आकसत गेली, तेव्हा पुण्यात बदललेली. तिने खिडक्या लावल्या, मास्क चढवला आणि वारा येत होता त्या बाजूला, वरच्या रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

तळेगावहून रात्रपाळी करून येणाऱ्या एका तरुणाने मोटारसायकल थांबवली. मास्क, टोपी, हातात पाण्याची बाटली... तो जे समजायचं ते समजला.

"लेण्यांची वाट मागं राहिली, ताई."

"लेणी बघायला नाही आले मी. तुमच्या गावचा धूर चुकवायला आलेय."

त्याने खाली पाहिलं. "गावचा कशाला... आमचाच आहे तो."

तो हौशीरामआबांचा निलेश. तिने दोन वाक्यांत कारण सांगितलं. ऐकून लोक हळहळतात. हा हळहळला नाही. गाडी तिथेच सोडून तो उतारावरून पळत गेला आणि पेटत्या कडेवर हंडे ओतू लागला. आबांनी लेकाला जी नावं ठेवली, ती वरच्या रस्त्यापर्यंत ऐकू आली. खाचर अर्धंसुद्धा भाजलं नव्हतं.

अनिता रोज सकाळी एका लहानशा यंत्रात जोरात फुंकायची आणि फुप्फुसाच्या ताकदीचा आकडा पुण्याला कळवायची. त्या आठवड्यात आकडा घसरला, मग सावरला. डॉक्टरांनी मात्र बजावलं, दरवर्षी असा धूर होणार असेल तर गाव सोडा, भावाकडे पुण्यात राहा. तिला भाजे सोडायचं नव्हतं. मावशीने शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी काढलेल्या खोल्या ती सांभाळायची, गोळ्या घड्याळ लावून घ्यायची, आणि संध्याकाळी डोंगराखालून चालताना धाप लागत नाही याचं तिला अजून नवल वाटायचं.

पुढच्या रविवारी निलेश पळसाच्या पानात करवंदं घेऊन दारात उभा राहिला. जंतूंच्या भीतीने न शिजवलेलं, कच्चं काही तिला चालत नाही, असं ती म्हणाली. तो परत गेला आणि दुसऱ्या दिवशी त्याच करवंदांचं उकळून केलेलं सरबत घेऊन आला. मग ते रोजचंच झालं. उकडलेल्या शेंगा, घरी विरजलेलं दही, देवळातला शिरा... आणि प्रत्येक वेळी उंबऱ्याबाहेरून एकच प्रश्न — "चालतं का?" कधी चालायचं, कधी नाही. नाही म्हटलं की त्याचा चेहरा असा पडायचा, की न चालणारं काहीतरी त्याने उद्याही आणावं, असं तिला वाटून जायचं.

"पैल्या दिशी ताई म्हणाला," मुक्ताबाई गॅसपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "आन् आता करवंदं उकळून आणतोय. ह्याचं नातं लय झपाट्यानं बदलतंय गं."

अनिताने मास्क घरातही लावून ठेवला. त्याचा तेवढा एक फायदा होता.

राहिलेलं खाचर भाजायचा विषय आबांनी काढला तेव्हा निलेशने नको म्हणून सांगितलं. तण माजलं तर काय करशील, असं आबांनी विचारलं.

"उपटीन."

"एकेक काडी?"

"एकेक काडी."

मावशीने हे घरी येऊन सांगितलं. अनिताला मातीत हात घालायची मनाई होती. ती बराच वेळ तोच पेला विसळत राहिली.

जूनमध्ये धूर नसतानाही आकडा पुन्हा खाली आला. शरीर नवी फुप्फुसं नाकारत तर नाही ना, हे बघायला पुण्यात नळी घालून आतला बारीकसा तुकडा तपासणीला घेतला. निलेशने मित्राची गाडी आणली होती. परतताना कान्हे फाट्यावर ते वाहनांच्या रांगेत अडकले. बाहेर पाऊस, आत बंद काचा.

"एक विचारू?"

"चालतं का, हेच ना? काय आणलंय आज?"

"आज काही नाही. रिकाम्या हातानं आलोय..." तो समोर वायपरकडे बघत राहिला. "मी चालतो का?"

पावसाचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला.

"रिपोर्ट यायचाय, निलेश. वाईट आला तर पुण्यात राहावं लागेल. कदाचित..."

"रिपोर्टला नाही विचारलं मी. तुला विचारलं."

तो तिला पहिल्यांदाच तू म्हणाला होता. मास्कच्या वर फक्त तिचे डोळे दिसत होते. ते आधी भरले, मग बारीक झाले.

"कच्चं मला चालत नाही," ती म्हणाली. "उकळून, गाळून घेतलं तर... चालेल."

मागचा टेम्पो हॉर्न देत होता. रांग कधीच पुढे गेली होती.

ही सोमवारची गोष्ट. आज बुधवार. सकाळचा आकडा कालच्याइतकाच आहे. रिपोर्ट उद्या दुपारपर्यंत येईल, असं हॉस्पिटलमधून कळवलंय. न भाजलेल्या राबात पेरलेलं बी वर आलंय. निलेश कामावरून आला की आधी बांधावर उकिडवा बसतो, आणि वरच्या रस्त्यावर छत्री घेऊन अनिता उभी असते.

"भात हाय का तण?" आबा पडवीतून विचारतात.

सगळीकडे हिरवी टोकं दिसतायत. इतक्या लवकर दोन्ही सारखीच असतात.